बाहेरचे ठिपके

मार्चचा दुसरा आठवडा, ईरी शहर,
पार्किंगच्या कोपऱ्यातला बर्फ काळा पडलाय
आणि वितळायचं नाव घेत नाही.
जिल्हा कचेरीने विचारलंय:
दोन वर्षांपूर्वी वाटलेल्या लॅपटॉपांनी
मुलांचे गुण वाढले का?
शुक्रवारपर्यंत. एका पानात.

आकडे मांडणं हे माझं काम.
आडवे तास, उभे गुण,
चारशे बारा मुलं, चारशे बारा ठिपके,
नावं पुसलेली, नियमाप्रमाणे.
लांबून पाहिलं तर ठिपक्यांची रांगोळी,
फक्त कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा
ते सांगणारं कुणी नाही.

रेघ यंत्र ओढतं. मी बटण दाबते.
दोन तासांपर्यंत चढते, मग उतरते,
उतार असा की मुंगीलाही दम लागू नये.
मुख्याध्यापक ओस्ट्रोव्स्की चष्मा वर करून म्हणाले,
"म्हणजे फायदा की तोटा?"
"हो," मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

खाली, उजवीकडे, रेघेपासून फार लांब
एक ठिपका:
रोज साडेसहा तास, भूमितीत एकेचाळीस.
असले ठिपके गाळायची मुभा असते,
तळाशी बारीक अक्षरांत टीप दिली की झालं.
पण नाव नसलं तरी मला कळलं.
मनमाया गुरुंग.
शाळा अडीचला सुटते, ती पाचपर्यंत
माझ्या खिडकीखाली भिंतीला टेकून असते,
घरी वायफाय नाही, शाळेचं तिथवर पोचतं.
बापाचा बेकारभत्ता, आजोबांच्या मोतीबिंदूची तारीख,
काकूच्या नागरिकत्वाचे प्रश्न:
ही मोठ्याने वाचते, काकू फोनवरून घोकते,
झेंड्यावर पट्टे किती, तेरा, तेरा, तेरा.
हातमोज्याची बोटं कापलेली, टाइप करता यावं म्हणून.
यंत्राने सगळे तास इमानाने नोंदलेत.
कशाचे, असा रकाना नाही.

आणि डाव्या कडेला चिकटलेला हा:
शून्य तास, अठ्ठ्याण्णव गुण.
सभेत कुणीतरी याच्यावर बोट ठेवलं,
"बघा, पुस्तकं! शेवटी पुस्तकंच!"
हा वेंडेल प्रुइट.
त्याचा लॅपटॉप ऑक्टोबरातच जिन्यावरून पडला,
दंड कुठून भरायचा म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही.
निबंध फोनवर लिहितो, अंगठ्याने,
जेवणाच्या सुट्टीत माझ्या प्रिंटरवर काढतो.
पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला,
"मॅम, एवढ्याशा पडद्यावर कळतच नाही
परिच्छेद कधी संपवायचा."
मी दाखवलं.
अकरा वर्षांच्या नोकरीत मी शिकवलं ते एवढंच.

राहिला एक. नेमका रेघेवर,
दोन तास, शहात्तर,
ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.
तो माझ्या घरात झोपतो, किंवा झोपत नाही.
दाराखालून निळा उजेड येतो,
तो स्वतःच्या कॉम्प्युटरचा, शाळेच्या हिशेबात नाही.
वेंडेलचा जिना मला ठाऊक,
मनमायाच्या काकूचे पट्टे ठाऊक,
आणि या दाराआड
कुणाशी बोलतो, काय बघतो, कशाला हसतो एकटाच,
काही म्हणजे काही नाही.

गुरुवारी रात्री यंत्राने विचारलं,
बाहेरचे ठिपके गाळायचे का?
मी नाही दाबलं.
रेघ केसभर हलली. तेवढीच.
पानावर तीन वाक्यं लिहिली, दोन खोडली.

मग उठून त्या दाराशी गेले.
हात वर केला ठोठवायला आणि तसाच राहिला,
कारण ठोठवल्यावर पुढे काय म्हणायचं
हे मला सुचलं नव्हतं.
दार आतूनच उघडलं.
पाण्याची रिकामी बाटली हातात, केस विस्कटलेले,
माझ्याहून वीतभर उंच.
"आई, किती वेळ उभी आहेस?"

"मोजलं नाही," म्हटलं.
"जेवलास का?"